अंगावर घेतलेलं

जुन्नरला शाळेत मराठी शिकवायला आले आणि बाजारपेठेमागच्या गल्लीत एक खालची खोली भाड्याने घेतली, तेव्हा वर घरमालकीणबाई एकट्याच राहतात असं मला सांगितलं होतं. पहिल्या आठवड्यातच मला ते खोटं वाटायला लागलं. शाळेतून यावं, चहाचं आधण ठेवावं, की डोक्यावरच्या फळ्यांमधून आवाज यायला लागे. आधी नुसत्या थापा. कुणी भाकरी थापत असावं तशा, पण कोरड्या, सावकाश, एका लयीत. मग थापा थांबत आणि बाईंचा आवाज येई.

"कोणी नाही आलं. बसा. सगळ्या बसा बघू खाली."

उत्तर कुणाचंच येत नसे. थोड्या वेळाने पुन्हा थापा आणि पुन्हा तोच समजुतीचा सूर. "अगं, कोणी नाही. उगाच काय उठता?"

शेजारणीला विचारलं. ती दळण निवडत होती, तिचा हात थांबला.

"तुमाला सांगितलं न्हाई व्हय कुणी? डॉक्टरबाई हायेत त्या. पुण्याला मोठ्या दवाखान्यात व्हत्या, कातडीच्या. लई हुशार बाई. पण पोलकं उलटं घालतात." एवढं बोलून ती परत सुपात बघायला लागली. उलटे कपडे घालून चेटकीण हिंडते, हे आमच्या भागात लहान पोरालाही सांगावं लागत नाही.

पोलकं त्या खरंच उलटं घालत. शिवणी बाहेर, दोरे लोंबकळताहेत, आणि वर पांढरं सुती लुगडं, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं. ओळख झाल्यावर मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, "शिवण टोचते. मग आतल्यांना राग येतो."

"आतल्या कोण?"

त्यांनी बाही वर केली. कोपराच्या आतल्या बाजूला कातडी जाड झाली होती, झाडाच्या सालीसारखी, आणि भेगांमधून लाल दिसत होतं. इसब. जन्मल्यापासूनचं. मानेवर, गुडघ्यांच्या मागे, मनगटांवर. खाजवायचं नाही हा त्यांचा नियम होता, म्हणून त्या तळहाताने थापट्या मारत. मी ऐकायची त्या थापा ह्या होत्या. आणि ज्यांना त्या "बसा" म्हणत, त्या कातडीतल्या पेशी.

"पहारा असतो कातडीत," त्या जिन्यावर बसून मला सांगत. "फांद्या फुटलेल्या पेशी असतात, बोटं पसरून बसलेल्या. बाहेरचं कोणी आत शिरलं की पकडतात, काखेतल्या नाहीतर जांघेतल्या गाठीत घेऊन जातात आणि तिथल्या पांढऱ्या पेशींना दाखवतात, हा बघा, ओळखून ठेवा. मग ओळखून ठेवणाऱ्या त्या पेशी कातडीत येतात. पुढच्या वेळी तोच आला की हाकाटी. आग, पाणी, सूज. तुमच्या अंगात चोर आला तर उठतात. माझ्या अंगात धूळ आली तरी उठतात. लोकर दिसली तरी उठतील. माझी कातडी गळकी आहे, आणि आतल्या भित्र्या आहेत. भित्री माणसं फार लवकर हत्यार काढतात, बाई."

हे सगळं त्या माझ्याकडे न बघता बोलत. कुणाच्याच तोंडाकडे बघायची त्यांना सवय नव्हती. माणूस समोर आला की त्यांची नजर कोपरावर, बोटांच्या बेचक्यांवर, कानामागे जाई. थंडीत लोक पूर्ण बाह्यांचे स्वेटर घालायला लागले की त्यांना निम्मी गल्ली ओळखू येत नसे. बाजारातल्या भाजीवालीला त्या नावाने नव्हे, "लसूण सोलू नकोस म्हटलं होतं ना" अशी हाक मारत. एकदा नारायणगावहून आम्ही वडाप जीपने येत होतो, तर मागच्या बाकावरून हात लांबवून त्यांनी ड्रायव्हरच्या मनगटावर बोट ठेवलं. "घड्याळ काढ. पट्ट्यातलं निकेल सोसत नाही तुला." तो दचकला आणि गाडी रस्त्याच्या कडेला उतरली. पण पुढच्या वेळी भेटला तेव्हा त्याचं घड्याळ वरच्या खिशात होतं.

लग्न का नाही केलं, हे मी विचारलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं. बघायला मंडळी आली होती. कांदेपोहे झाले, नाव-गाव-शिक्षण झालं. मग यांनी दोन्ही बाह्या वर केल्या आणि हात सासूबाई होऊ घातलेल्या बाईंच्या पुढे धरले. "हे बघून घ्या. नंतर तक्रार नको." मंडळी चहा न घेता गेली. "माझे वडील आठवडाभर बोलले नाहीत. मला मात्र इतकं मोकळं वाटलं, त्या दिवशी खाजसुद्धा आली नाही."

वरच्या खोलीत खिडकीशी एक सूक्ष्मदर्शक होता. त्याखाली नेहमी एकच काच लावलेली असे. एका रविवारी त्यांनी मला बघायला लावलं. गुलाबी पट्टा, वर लाटा, आणि मध्ये एका बारीक नळीभोवती जांभळ्या ठिपक्यांची गर्दी. इतकी दाट, की यात्रेत धक्काबुक्की व्हावी.

"कोण आहे हे?" मी विचारलं. 'काय' विचारायला हवं होतं, 'कोण' का म्हटलं मला माहीत नाही.

"मी," त्या म्हणाल्या. "शिकत होते तेव्हाची. सरांनी दंडाचा तुकडा काढला होता. नळीतून बाहेर पडून धावत निघाल्यात बघा. कशासाठी धावत होत्या, कुणास ठाऊक. त्या दिवशीही कोणी आलं नव्हतं."

मी डोळा बाजूला घेतला, पण त्या गर्दीतली घाई डोळ्यांतून जाईना. जिवंत माणूस शेजारी उभं आणि त्याच्या तरुणपणातली एक दुपार काचेत चिकटलेली, अजून धावणारी. मी खाली येऊन बराच वेळ दिवा लावून बसले होते, बाहेर ऊन असून.

मंदाला आणलं ते त्यानंतरच्या वर्षी.

घोडेगावच्या पलीकडे डोंगराकडचं गाव. मंदा विशीतली सून. बरोबर नवरा आणि सासू. सासू दारातच म्हणाली, "हे डाकटरचं काम न्हाई, बाई. पर ह्यो ऐकत न्हाई म्हणून आणली."

मंदाची बोटं फुटून पाणी सुटलं होतं. मानेवर, गळसरीच्या खाली, लाल पट्टा. ते मी पाहिलं आणि मला विशेष वाटलं नाही. बाईंकडे असं बरंच येई. मग नवऱ्याने तिला साडी वर करायला सांगितली. उजव्या घोट्यावर तीन फुल्या होत्या. शेजारी शेजारी, सारख्या अंतरावर, कुणी काडीने काढाव्यात तशा. पण काढलेल्या नव्हत्या. आतून वर आल्या होत्या, लाल, टरारलेल्या, पाणी धरलेल्या.

"कुणी काढल्या?" बाईंनी विचारलं.

"कुणीच न्हाई," नवरा म्हणाला. "आपसूक उठत्यात. पाच-सहा दिसांनी बसत्यात, पुन्ना उठत्यात."

"कधी उठतात?"

सासूने उत्तर दिलं. "सोमवारी. सोमवारी ती म्हादेवाला पाणी घालाया आमच्या दारावरनं जाती."

ती म्हणजे भागाबाई. नवऱ्याची चुलती, विधवा, पोरं जगली नाहीत, शेजारच्या खोपट्यात एकटी राहणारी. फुल्या उठायला लागल्यापासून तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. भगताने नाव घेतलं नव्हतं, नुसतं तिच्या दाराकडे बघितलं होतं. गावाला तेवढं पुरलं.

"पुढल्या अवसेला तिला शिवंपल्याड घालवायचं ठरलंय," सासू म्हणाली.

"जाईल कुठे ती?"

"जाईल कुटं बी."

बाई मंदाचा घोटा हातात धरून बसल्या होत्या. "शनिवारी काय करता घरात?" त्यांनी विचारलं.

"शनवारी? काय न्हाई. दाराला लिंबू-मिरची-बिब्बा बांधतो, समदेच बांधत्यात. हे लागल्यापासनं जास्तीचा बांधतो. गोठ्याला, चुलीम्होरं, उंबऱ्याला."

"ओवतं कोण?"

"हीच की. दाभणानं भोकं पाडून."

बाईंनी डोळे मिटले. मग त्यांना नीट सांगितलं. बिब्ब्याचा रस बोटाला लागतो, बोट मानेला लागतं. शनिवारी शिवला की आतल्या लगेच उठत नाहीत. ओळख पटायला, बाकीच्यांना गोळा करायला त्यांना दीड-दोन दिवस लागतात. म्हणून सोमवारी दिसतं. शनिवारचा चोर सोमवारी सापडतो आणि सोमवारी जो दारावरून जातो, त्याच्यावर आळ येतो.

सासू हसली. "बिब्बा उतला तर आमाला कळत न्हाई व्हय? म्या जल्मभर ओवला, माज्या हाताला कंदी काय झालं न्हाई. आन् घोट्याला कुटं लावलाय बिब्बा? ते सांगा."

ते मलाही विचारायचं होतं.

बाई मंदाकडे वळल्या. "लहानपणी घोटा मुरगळला होता तुझा?"

"मला ठावं न्हाई."

"आई आहे?"

आई ओतूरकडे होती. दुसऱ्या दिवशी नवरा तिला एसटीने घेऊन आला. तिने घोटा पाहिला आणि तोंडाला पदर लावला. "व्हय," ती म्हणाली. "चिचंवरनं पडली व्हती. लई ल्हान व्हती. म्या बिब्बा तापवून तीन फुल्या मारल्या व्हत्या. फोड आलं, सुकून गेलं. डागसुदिक राह्यला न्हाई."

मंदा आपल्याच पायाकडे बघत होती, दुसऱ्या कुणाच्या पायाकडे बघावं तशी. तिला स्वतःला आठवत नव्हतं ते तिच्या घोट्याला आठवत होतं.

"एकदा जिथे लढाई झाली तिथे काही आतल्या मुक्कामाला राहतात," बाई म्हणाल्या. "वर्षानुवर्षं. वरून काही दिसत नाही. बोटातून अंगात गेलेला थेंबभर रस फिरत फिरत तिथे पोचला, की त्या उठतात. ज्या आकारात बसल्या होत्या, त्याच आकारात."

नवऱ्याला पटलं. त्याने मंदाला बाईंकडे ठेवलं. ती माझ्या खोलीत झोपे. बोटं सुकली, मान निवळली, फुल्या बसल्या, नुसत्या करड्या रेघा राहिल्या. बघायला आलेल्या सासूने लेकाला बाहेर पाठवलं, सुनेला जवळ घेतलं, अंगावरून हात फिरवला आणि बाईंना म्हणाली, "हुनारच बरी. ती कुटं हाय हितं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई जीप सांगून एकट्याच गेल्या आणि दुपारी भागाबाईला घेऊन आल्या.

मी जिन्यातच गाठलं त्यांना. "आणि तरी उठल्या तर?"

"तर मी चुकले. तेही कळायला हवं ना."

भागाबाई पडवीत राहिली. तिच्याइतकी शांत माणसं मी फार पाहिलेली नाहीत आणि तिच्याइतकं मला कुणी घाबरवलेलंही नाही. ती भिंतीकडे तोंड करून बसे. जेवतानाही. मी शाळेतून आले की पावलांचा आवाज ऐकून पदर डोळ्यांवर ओढून घेई. मला आधी वाटलं, काहीतरी लपवते आहे. मग एकदा पाणी दिलं तेव्हा म्हणाली, "म्होरं बसू नगा, बाई. माजी नदर पडंल." कुणाकडे बघायचंच नाही, अशी तिने सवय लावून घेतली होती. बघितलं की काही होतं, आणि मग ते तिचं होतं.

मंदा माझ्या खोलीतून बाहेर पडेना. दाराला आतून कडी. सोमवार आला. भागाबाईने अंघोळ केली, तांब्या घेतला, गल्लीच्या टोकाच्या महादेवाला पाणी घालून आली, आमच्या दारावरून गेली. मी मंदाचा पाय धरून बसले होते. काही झालं नाही. मंगळवारीही नाही.

त्या आठवड्याच्या अखेरीला सकाळी मी डबा भरत होते, तेव्हा मंदाने हाक मारली. मोठ्याने नाही. पाय अंथरुणाबाहेर काढून ती नुसती बघत होती. फुल्या वर आल्या होत्या. तिन्ही. पहिल्यापेक्षा मोठ्या, कडा उभ्या राहिलेल्या, मधून चकाकणाऱ्या.

मी बाहेर आले. पडवीत भागाबाई भिंतीकडे तोंड करून बसली होती. आम्ही काही बोललो नव्हतो, पण तिला कळलं होतं.

"उठल्या न्हवं?" ती भिंतीला म्हणाली.



"खरंच माज्यातच काय असंल. मलाच ठावं नसंल. कसं कळावं मानसाला, आपल्या आत काय हाय ते? मला सोडून या कुटं बी, बाई. पोरीला बरं करा."

बाई जिन्यावर उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. त्या वेळी, एकदाच, मी त्यांना खाजवताना पाहिलं. दोन्ही कोपरं, नखांनी, रक्त येईपर्यंत, आणि त्यांना ते कळतही नव्हतं. मग त्या खाली उतरल्या आणि माझ्या खोलीत गेल्या. घोट्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. मंदाला उभं केलं आणि साडीच्या निऱ्यांच्या वर, कमरेला बोट लावलं. तिथे कातडी लाल झाली होती, एका बाजूलाच, सुपारीएवढ्या जागेत.

"कनवटीला काय आहे?"

मंदा रडायला लागली. गाठ सोडली. आत चिंधीत गुंडाळलेला बिब्बा, दाभणाने भोकं पाडलेला.

"सासूबाईंनी दिला व्हता, बघाया आल्या तवा. पिशवीत ठिवला व्हता. सोमवारी ही दारावरनं गेली, मंग बुधवारी म्या बांधला," ती म्हणाली. "मला भ्या वाटलं."

"मला नको सांगूस. तिला सांग."

मंदा पडवीत गेली तेव्हा मला वाटलं, ती अर्ध्यातून परत फिरेल. नाही फिरली. भागाबाईच्या पाठीमागे उभी राहून तिने ती चिंधी पुढे धरली. भागाबाईने पदर बाजूला केला. आधी बिब्बा पाहिला, मग मंदाचं तोंड. तिचे डोळे अगदी साधे होते. म्हातारपणाने पाणावलेले, तपकिरी.

"बिब्बाच व्हय?" ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "बिब्बाच व्हय गं?" त्या दिवशी ती हेच विचारत राहिली. कधी मला, कधी बाईंना, कधी नुसतं.

पुढे मंदा दाराला कडी लावेनाशी झाली. अंगणात उन्हाला बसून भागाबाई तिचे केस विंचरायला लागली, आणि मंदा तिला सासूला म्हणतात तशी "आत्या" म्हणायला लागली. फुल्या ओसरल्या.

अवस दोन दिवसांवर आली तेव्हा आम्ही त्यांच्या गावी गेलो. मंदा, तिचा नवरा, भागाबाई, बाई आणि मी. महादेवाच्या देवळापुढच्या पारावर माणसं जमली होती. भर दुपार, पिंपळाचं पान हलत नव्हतं. भागाबाई पुन्हा पदर ओढून, पाठ करून बसली. बाईंनी सगळं सांगितलं. आतल्या, गाठी, शनिवार, सोमवार. चिंधीतला बिब्बा दाखवला. नवरा मध्ये मध्ये "खरं हाय" म्हणत होता. माणसं आदराने ऐकत होती. कुणी हसलं नाही, कुणी तोडलं नाही. एवढं शांत ऐकतात तेव्हा पटलेलं नसतं, हे मला वर्गात शिकवून माहीत झालं होतं.

शेवटी एक वयस्क गृहस्थ बोलले. "बाई, तुमचं समदं खरं असंल. तुमी शिकल्याली मानसं. पर एक सांगा. लागल्यालं आपसूक जात न्हाई. पोरीच्या अंगातनं निगालं म्हन्ता, म्हातारीकडं न्हाई म्हन्ता. मग गेलं कुटं?"

बाई उभ्याच होत्या. त्यांची नजर भागाबाईच्या पाठीवर होती, तिथून ती आजूबाजूच्या बायकांवर गेली, पोरांना पोटाशी धरून उभ्या असलेल्या. मग त्यांनी दोन्ही बाह्या वर केल्या आणि हात पुढे धरले. कोपरं सोललेली, काळी-लाल, खपल्यांतून ओलं. उलट्या पोलक्याचे दोरे त्यावर लोंबत होते.

"इथे आलं," त्या म्हणाल्या. "मी घेतलं अंगावर."

पुढच्या रांगेतली माणसं मागे सरली. एका बाईने पोराचे डोळे झाकले.

"हिच्याकडे आता काही नाही. सगळं काढून घेतलंय. हिला कुणी शिवेबाहेर काढलं, हिचं पाणी तोडलं, हिच्याशी बोलणं टाकलं, तर मला कळेल. जसं घेता येतं, तसं परत पाठवताही येतं मला."

त्या गृहस्थांनी हात जोडले. मग सगळ्यांनीच. त्या क्षणी मलाही ते खरं वाटलं होतं.

परतताना जीपमध्ये आम्ही दोघीच होतो. घोडेगाव मागे पडल्यावर मी म्हणाले, "तुम्ही खोटं बोललात."

"हो."

"तुम्ही?"

"पेशी शिकवायला मला वर्ष लागलं असतं. अवस परवा आहे." त्यांनी बाह्या खाली केल्या. "आणि अगदीच खोटं कुठे? अंगावर घेतलंच की."

भागाबाईला कुणी घालवलं नाही. मंदाच्या दारावरचे बिब्बे निघाले, आणि तिची बोटं पुन्हा फुटली नाहीत. पण जीपपेक्षा बातमी आधी जुन्नरला पोचली होती. पुण्याहून आलेल्या डॉक्टरबाईंनी चेटकिणीकडचं सगळं काढून घेतलं, आणि ते आता त्यांच्यात आहे. गल्लीतल्या बायका पोरांना पलीकडच्या कडेने न्यायला लागल्या. शेजारीण त्यांच्या दारावरून जाताना श्वास धरी. सकाळी येणारे नेहमीचे रोगी कमी झाले आणि दुसरेच यायला लागले, दुरून दुरून, "आमचं बी काढून घ्या" म्हणत. बाई त्यांना झापत, कोपरं तपासत, मलम देत. "मलम लावतात आणि नमस्कार माझ्या उंबऱ्याला करतात," त्या चिडून म्हणत. "आणि बरे होतात. आता मी काय करू?"

आणि इसब वाढलं. आधी जिथे कधीच नव्हतं तिथे आलं. गालांवर, पापण्यांवर, तळपायांना. वय झालं, कातडी कोरडी पडते, काळजीनेही आतल्या चिडतात, असं त्या सांगत. मी मान डोलवत असे. पण एका दुपारी मी चहाचं आधण ठेवलं होतं आणि वर थापा थांबल्या. नेहमीचं "बसा" ऐकू आलं नाही. बाई अगदी हळू, अगदी ओशाळल्यासारख्या म्हणाल्या, "पारावरचं ते मी गावाला सांगितलं होतं. तुम्हाला नव्हतं सांगितलं. तुम्ही कशाला ऐकलंत?"

मी आधण उतरवलं आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसले.

त्या गेल्या तेव्हा मी नारायणगावच्या शाळेत बदलून गेले होते. सकाळी फोन आला, मी मिळेल त्या जीपने आले. त्यांचा भाचा पुण्याहून पोचला होता. बाईंना खालच्या पडवीत ठेवलं होतं. गल्लीतल्या सगळ्या बायका आल्या होत्या, कुणी आली नाही असं नाही. पण सगळ्या अंगणाच्या कडेला उभ्या होत्या. अंघोळ घालायला कुणी पुढे होईना. शेजारीण माझ्या कानाशी म्हणाली, "आता ते भाईर पडंल, बाई. जी हात लावंल तिच्या अंगावर जाईल." चुलीवर पाणी ठेवलं होतं, ते उकळत होतं, आणि भाचा एकेकीच्या तोंडाकडे बघत होता. मी पदर खोचला. पण एकटीने ते होण्यासारखं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मीही कडेलाच उभी राहिले.

तेवढ्यात अंगणाच्या दारात भागाबाई आली. बरोबर मंदा, कडेवर पोर. पोर तिने शेजारणीच्या हातात दिलं, शेजारणीला नाही म्हणायला वेळच मिळाला नाही. भागाबाईने एकदा त्या उभ्या बायकांकडे नीट, एकेकीकडे पाहिलं, आणि त्या सगळ्यांनी खाली बघितलं. मग ती बाईंच्या उशाशी बसली. उलट्या पोलक्याच्या गाठी सोडल्या. चेहऱ्यावरची लाली उतरून गेली होती. मी त्यांना ओळखत होते तितक्या वर्षांत त्यांची कातडी अशी निवलेली मी पाहिली नव्हती.

मंदाने पाण्याचा हंडा आणून ठेवला. वाफ वर येत होती. भागाबाईने त्यात बोटं घातली आणि चटकन काढली.

"ह्ये कुणी कढवलं एवढं?" ती म्हणाली. "गार पान्याचं इसाण आन गं, मंदे. भरपूर आन. कढत पानी सोसत न्हाई तिला."